फिजिओ म्हणे घरीच करून घ्या!

पॅरालिसिसचा झटका आलेल्या माणसाला घरी सोडताना आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य असतं, "व्यायाम घरीच करून घ्या." कोण करून घेणार? बायको, नाहीतर सून. हात कसा हलवायचा ते पाच मिनिटांत दाखवलं की वॉर्ड मोकळा!

या प्रकाराचा मला संताप येतो, कारण हे भारतातच तपासून झालंय. 'अटेंड' नावाची चाचणी, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, निकाल २०१७ च्या लॅन्सेटमध्ये. घरच्यांना रीतसर शिकवलं (पाच मिनिटांत नव्हे), तरी सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले दोन्ही गटांत ४७ टक्केच.

मग पहिल्याच दिवशी दामटून चालवायचं? छे! 'ॲव्हर्ट' मध्ये (२०१५, २१०४ पेशंट) पहिल्या २४ तासांतच सुरू करून जास्त उठवलेल्यांपैकी ४६ टक्के नीट सावरले, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. थोडा थोडा वेळ पण वारंवार उठवणं बरं, असं पुढच्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे हा चक्क डोस आहे राव, आणि तो ठरवायला जाणकार माणूस वॉर्डातच हवा. औषधाचा डोस सुनेला ठरवायला सांगतो का आपण? गिळता येतंय का हे न तपासता पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तेही तिनेच ओळखायचं?

स्कॅन मशीनचा बोर्ड हायवेवरून दिसतो. रविवारी वॉर्डात फिजिओ येतो का, हे मात्र ॲडमिट करतानाच विचारा.