इंजिन केवढे घ्यावे?

कलाशाखेच्या वार्षिकात विमानाच्या इंजिनावर लेख? असे म्हणून पान उलटण्यापूर्वी, मित्रहो, जरा थांबावे. ज्या वर्गणीतून हे इंजिन यावयाचे आहे ती आपल्याच खिशातली आहे. एन. सी. सी.च्या हवाई शाखेतील आम्ही काहीजण यंदा रेडिओने चालणारे मॉडेल विमान बांधणार आहोत. सांगाडा, पंख, रंग यांवर पाच मिनिटांत एकमत झाले. इंजिनावर मात्र तीन बैठका झाल्या आणि तिन्ही मोडल्या.

एका पक्षाला मोठ्यात मोठे इंजिन हवे. शक्ती जास्त असली तर बिघडले कुठे, हा त्यांचा सवाल. त्याचे उत्तर १९०३ सालीच मिळालेले आहे. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली या नामवंत शास्त्रज्ञाच्या विमानावर ५२ अश्वशक्तीचे, त्या काळी अजोड असे इंजिन होते. ते विमान ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळले. १७ डिसेंबरला राइट बंधू उडाले, ते त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने बनवलेल्या अवघ्या १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर. आठ अश्वशक्ती पुरे, असा त्यांचा आधीचा हिशेब होता! पंख, पंखा आणि सुकाणू यांचा मेळ त्यांनी आधी घातला आणि त्याला पुरेल एवढेच इंजिन मागितले.

मॉडेललाही तोच न्याय. नाकावर जड इंजिन बसवले की तोलासाठी शेपटीत शिसे घालावे लागते. वजन वाढले की उतरतानाचा वेग वाढतो, आणि नवशिक्याचे विमान मोडते ते बहुधा उतरतानाच.

दुसरा पक्ष रसिकांचा. त्यांना चार-स्ट्रोक इंजिन हवे, का, तर आवाज खऱ्या विमानासारखा भारदस्त येतो. १९७६ साली ओसाकाच्या ओ. एस. कंपनीने असे छोटे इंजिन बाजारात आणले तेव्हापासून जगभरचे शौकीन त्यावर लुब्ध आहेत. आवाज गोड असतो, मान्य. पण तेवढ्याच आकाराच्या दोन-स्ट्रोकपेक्षा ते महाग, शक्तीने कमी आणि वर झडपांची निगा. वर्गणी काढून संगीत ऐकावयाचे तर ग्रामोफोन काय वाईट होता?

तिसरा पक्ष दोन-स्ट्रोक ग्लो इंजिनाचा, आणि माझे मनही तिकडेच ओढ घेते. नेहमीचे 'फॉर्टी' म्हणजे ०.४० घनइंच, साडेसहा सीसी. त्याला पेट्रोल लागत नाही. मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि चक्क एरंडेल! प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवावयाची. एकदा इंजिन धरले की सेल काढून घ्यावा. पुढे ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलवर होणारी प्लॅटिनमची क्रिया तार लाल ठेवते. सुई थोडी फिरवली की आवाज बदलतो, आणि तो ओळखता येणे ही एक विद्याच आहे. परंतु मिथेनॉल विष आहे, पोटात गेले तर दृष्टी जाते, आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. फिरत्या पंख्यामागे बोट घालून सुई फिरवणे हेही पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगण्याजोगे काम नव्हे.

खरा मुद्दा इथेच आहे. महाग आणि नाजूक वस्तूला कुलूप लागते. मग इंजिन सुरू करणार दोन सीनियर, आणि बाकीचे पन्नास जण लांबून टाळ्या वाजवणार. वर्गणी मात्र सर्वांची सारखी.

म्हणून माझे मत विजेच्या मोटारीला. 'ते तर खेळणे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हिशेब पाहावा. आपले विमान दीड किलोचे. शिकाऊ विमानाला किलोमागे दोनशे वॉट भरपूर होतात, म्हणजे ३०० वॉट. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचे ११.१ व्होल्ट धरले तर प्रवाह सुमारे २७ अँपियर, तेव्हा नियंत्रक ४० अँपियरचा असावा. मोटारीवर '१००० केव्ही' लिहिलेले असते ते किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला एक हजार फेरे. २२०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी पूर्ण वेगात पाचेक मिनिटे टिकेल, बेताने उडवले तर जवळजवळ दुप्पट. एक विमानात आणि दोन चार्जिंगला ठेवल्या की दुपारभर पाळ्या लागतील. धोका इथेही आहे. बॅटरी जोडताच पंखा अवचित फिरू शकतो, आणि चेपलेली किंवा जास्त चार्ज झालेली बॅटरी पेट घेते. पण हे दोन नियम कुणालाही शिकवता येतात.

विजेने इंजिनाचे ज्ञान होत नाही हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला उपाय शाखेच्या कपाटातच पडला आहे. ते जुने दीड सीसीचे डिझेल रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांवर चालते आणि डोक्यावरच्या स्क्रूने त्याचे दाबाचे प्रमाण बदलता येते. ते लाकडी फळीवर घट्ट बसवावे आणि रसायनशास्त्राच्या सरांच्या देखरेखीखाली मैदानावर चालवावे. शिकण्यासाठी ते, उडण्यासाठी मोटार.

उरलेल्या रकमेत आणखी एखादी बॅटरी घेण्याआधी दहा बाय पाचचे निदान सहा पंखे घ्यावेत. उतरताना पहिला मोडतो तो पंखाच, आणि पाळी मोडणाऱ्याच्या पुढच्या मुलाची असते.