प्रेक्षकाच्या कौलाची कैफियत

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांविषयी सुशिक्षित मंडळींत एक समजूत आता जवळजवळ निर्विवाद होऊन बसली आहे. ती अशी की, स्पर्धकांच्या गुणदोषांसंबंधी घरी बसलेल्या प्रेक्षकाने अभिप्राय देणे हा शुद्ध अनधिकार होय. ज्याने तंबोऱ्याच्या तारा कधी जुळवल्या नाहीत आणि ज्याला कोमल-तीव्र स्वरांचा भेद नावानिशी सांगता येत नाही, त्याने कोणत्या आधारावर एका गायकास पुढे काढावे व दुसऱ्यास मागे लोटावे, असा प्रश्न विचारला जातो. आणि तो प्रेक्षक मुंबई-पुण्याचा नसून गोंदिया जिल्ह्यातील देवरीसारख्या, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेल्या तहशिलीच्या गावचा असला, तर विचारणाऱ्याच्या स्वरात किंचित करुणाही मिसळते. या समजुतीचा मी विरोधक आहे. परंतु प्रतिपक्षाची फिर्याद दुबळी करून मांडावयाची आणि मग तिचा फडशा पाडावयाचा, ही वादाची रीत नव्हे. म्हणून तिच्यातील सर्वांत बळकट पुरावा मी प्रथम दाखल करतो.

२००५ साली ‘फेम गुरुकुल’ नावाच्या हिंदी स्पर्धेत प्रेक्षकांच्या कौलाने काझी तौकीर व रूपरेखा बॅनर्जी यांना विजयी केले, आणि त्याच कौलाने अरिजित सिंग नावाच्या एका बंगाली मुलास अंतिम फेरीच्या आधीच घरी पाठविले. पुढे कोणाचा आवाज देशभर घुमला हे सर्वश्रुत असल्याने त्यावर भाष्य नको. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, ‘इंडियन आयडल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे समोरासमोर आले, तेव्हा पहाडातील गावोगाव वर्गण्या जमल्या, मोबाइलवरून संदेशांचा अक्षरशः वर्षाव झाला आणि कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला तमांग विजयी ठरला, त्याच्या प्रचारात पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्यानंतर काही दिवसांतच गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला, आणि गाण्याच्या स्पर्धेतून निघालेली लाट स्वतंत्र राज्याच्या मागणीला जाऊन मिळाली. प्रतिपक्ष म्हणतो, पाहा, हा तुमच्या प्रेक्षकाचा रसिकपणा!

या घटना मी एक अक्षरही न कापता कबूल करतो. नाकबूल आहे तो त्यांवरून काढलेला निष्कर्ष. तमांगला ज्यांनी कौल दिला, त्यांना त्याच्या गाण्याविषयी काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते. विचारले होते ते एवढेच की, कोणाचे नाव पाठविता. ज्या समाजाला आपले नाव देशाच्या कानावर घालण्यास अन्य वाट दिसत नव्हती, त्याने ही वाट वापरली, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही वापरली असती. परंतु तो राजकीय उद्गार होता आणि त्याच्या यशापयशावरून श्रोत्यांच्या कानांची परीक्षा होत नाही. प्रेक्षकाच्या अभिप्रायातून कारण काढून टाकावयाचे, केवळ संख्या ठेवून घ्यावयाची, आणि मग ही संख्या किती आंधळी आहे म्हणून त्यालाच दोष द्यावयाचा, हा न्याय अजब आहे. जमीनमोजणीच्या अमलदाराने शेतकऱ्याकडून केवळ अंगठा घ्यावा, त्याची हरकत दप्तरी नोंदवूच नये, आणि वर ‘या माणसाला काही म्हणता येत नाही’ असा शेरा मारावा, त्यातलाच हा प्रकार झाला.

कौल आणि अभिप्राय यांची ही फारकत देवरीत मी प्रत्यक्ष पाहिली आहे. २००५ च्या आरंभी ‘इंडियन आयडल’चे पहिले पर्व संपत आले, तेव्हा शेवटच्या तिघांत मुंबईचा अभिजीत सावंत, भिलाईचा अमित साना आणि नागपूरला जन्मलेला राहुल वैद्य असे होते. आता देवरीची गोष्ट अशी की, सुरतेकडून कोलकात्याकडे जाणारा, तेव्हा क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा व हल्ली ५३ झालेला राष्ट्रीय महामार्ग गावातूनच जातो. पश्चिमेस साकोली-भंडाऱ्यावरून नागपूर आणि पूर्वेस राजनांदगाव-दुर्गवरून भिलाई. भाषेने अभिजीत आमचा, रस्त्याने अमित आमचा, विदर्भाच्या नात्याने राहुल आमचा! आमच्यापैकी कित्येकांच्या लेकी सीमेपलीकडे दिलेल्या, कित्येकांच्या सुना तिकडून आलेल्या. तेव्हा एकाच घरात तिन्ही पक्ष नांदत होते. आपुलकीचे पारडे असे तिन्हीकडे सारखे झुकल्यामुळे एक चमत्कार घडला, तो हा की, लोकांना नाइलाजाने गाण्याविषयी बोलावे लागले. अमितचा वरच्या स्वरातला ताण कोणाला मोह घाली, कोणाला तोच ताण आक्रस्ताळा वाटे. राहुलच्या गळ्याची तयारी सर्वांस मान्य, पण ती दाखविण्याची त्याची उतावीळ खटके. अभिजीतच्या आवाजास मोठा पल्ला नव्हता, परंतु जेवढा होता तेवढ्यात तो कोठे डळमळत नसे, आणि शब्द कानात स्वच्छ उतरत. माझे स्वतःचे माप अभिजीतच्या बाजूस पडले ते या शेवटच्या कारणाने. निकालही तसाच लागला; पण तो विरुद्ध लागला असता तरी माझे कारण कारणच राहिले असते.

दुसरा आक्षेप अज्ञानाचा. ज्याला शास्त्र अवगत नाही त्याला निर्णयाचा अधिकार नाही, हे तत्त्व स्वीकारले तर मराठी संगीत रंगभूमीचा निम्मा इतिहास फाडून टाकावा लागेल. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकाच रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा प्रेक्षागृहात जमलेले सारेच लोक गंडाबंध शागीर्द नव्हते, व्यापारी होते, कारकून होते, वकील होते. कोण सरस, याचा वाद त्यांनी घरी नेला, आणि तो त्यांच्या नातवंडांपर्यंत पोहोचला. केशवरावांची तडफ आणि बालगंधर्वांचे लालित्य यांतील अंतर मराठी मनाला जे कळले, ते ग्रंथांतून कळले त्यापेक्षा या वादांतूनच अधिक कळले. तिकीट काढणाऱ्या माणसाचे कान शिक्षित होत होते, आणि त्या शिक्षणाला कोणत्याही विद्यापीठाचा दाखला नव्हता.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हे शिक्षण अद्याप बंद पडलेले नाही. धान कापून खळ्यावर आले आणि भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बैलजोड्यांचा शंकरपट, रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे कंपन्यांची बिऱ्हाडे असतात, आणि तेथून निघालेली मंडळी होळीच्या सुमारापर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत रात्रीमागून रात्री खेळ करतात. या रंगभूमीवर उभे आयुष्य घालविलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांना ती प्रथमच सापडल्यासारखे झाले. आम्हांस ती हरवलेली कधीच नव्हती. रात्री दहाच्या पुढे सुरू होणारा आणि पहाटेस संपणारा हा खेळ गाण्यावाचून होत नाही. कनातीच्या मंडपात, पौष-माघाच्या थंडीत, घोंगडी-शाली पांघरून हजारोंनी बसलेला श्रोता गायकनटास कोणत्याही यंत्राने दुरुस्त न केलेल्या आवाजात ऐकतो. चूक झाली तर ती सर्वांदेखत होते, आणि पद रंगले तर ‘वन्समोअर’ही सर्वांदेखत मिळतो. याखेरीज दंडार आहे, खडी गंमत आहे, खंजिरीवरची भजने आहेत, आणि गोंड पाड्यांवरची रेला गीते आहेत. ज्याचे कान अशा शाळेत तयार झाले, त्याला रागाचे नाव सांगता येणार नाही कदाचित. पण दम कोठे तुटला आणि शब्द कोठे गिळला गेला, हे त्याच्यापासून लपविता येत नाही.

याचे प्रमाण मला ‘सा रे ग म प’च्या मराठी लिटिल चॅम्प्सच्या वेळी मिळाले. २००८-०९ चा तो मोसम. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रधार, आणि भारनियमनाच्या वेळापत्रकातून जी काही वीज शिल्लक राही तिच्यावर चालणारे आमचे संच. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन ही पाच मुले शेवटपर्यंत राहिली व ‘पंचरत्न’ म्हणून घरोघरी झाली. कार्तिकी विजयी ठरल्यावर एक कुजबुज उठली, आणि ती आजही पुरती शमलेली नाही: हा विजय गळ्याचा नसून अभंगाचा, म्हणजे श्रोत्यांच्या भाविकपणाचा होता, आर्यावर अन्याय झाला.

मी आर्याच्या पक्षाचा होतो आणि आहे. त्या वयात स्वर इतका स्थिर, गाण्याची मांडणी इतकी समतोल आणि भावनेचा कोठेही अतिरेक नाही, हे मला असामान्य वाटले. प्रथमेशची नाट्यपदांची जाण खोल होती, परंतु गाताना तो मूल राहत नसे, एखाद्या बुजुर्गाची सावली अंगावर घेई. रोहितचे धाडस मोठे. ते दर वेळी साधे असे नाही. मुग्धेविषयी परीक्षकांनी जेवढे कौतुक केले त्यातील अर्धे तिच्या वयाचे होते, हे म्हटल्यास तिचा अपमान होऊ नये. तिला मिळालेले उरलेले अर्धेही पुष्कळ होते. असा माझा क्रम ठरलेला असता, धानाच्या व्यवहारात हयात गेलेले माझे एक शेजारी, ज्यांना संगीताचे शिक्षण म्हणून काही नाही, त्यांनी एका वाक्यात तो हलविला. ते म्हणाले, “आर्या गाते त आपन चूप बसून आयकतो, कार्तिकी गाते त मांगचा झोपला मानूसबी उठून बसते.”

या वाक्यात एक संपूर्ण निकष आहे, आणि तो मला कोणत्याही परीक्षकाच्या तोंडून त्या सबंध मोसमात ऐकू आला नाही. मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत, पहाटे तीनच्या झोपेपर्यंत आवाज पोहोचला पाहिजे, ही कसोटी झाडीपट्टीची आहे; कीर्तनाचीही तीच आहे, आणि कार्तिकी त्याच परंपरेतून, मोकळ्या गळ्याने गाणाऱ्यांच्या घरातून आली होती. मांडणीच्या समतोलावर आर्या श्रेष्ठ, आवाहनाच्या बळावर कार्तिकी श्रेष्ठ. दोन्ही पक्ष कारणांनिशी उभे राहतात. ज्यांनी हा विजय भाबड्या भाविकांच्या पदरी टाकला, त्यांनी माझ्या शेजाऱ्यांचे म्हणणे खोडून काढलेले नाही, कारण त्यांनी ते विचारलेलेच नाही. माझा क्रम त्यानंतरही बदलला नाही. विजेतीविषयीची तक्रार मात्र मी मागे घेतली.

राहता राहिला तज्ज्ञांचा प्रश्न. प्रेक्षकास हाकलून निर्णय केवळ जाणकारांच्या हाती द्या, अशी दरखास्त वरचेवर येते. जाणकारांविषयी माझा आदर पूर्ण आहे, पण जाणकार छोट्या पडद्यावर आला की जाणकारच राहतो, ही हमी कोण देणार? २०२१ च्या मे महिन्यात किशोरकुमारांचे चिरंजीव अमितकुमार ‘इंडियन आयडल’च्या एका भागात पाहुणे म्हणून गेले, आणि नंतर त्यांनी उघडपणे सांगितले की, सर्वांची स्तुती करावयाची असे आपणास सांगण्यात आले होते. त्याच वर्षी पहिल्या पर्वाचा विजेता अभिजीत सावंत याने अशी टीका केली की, या कार्यक्रमांना हल्ली स्पर्धकाच्या गुणापेक्षा त्याच्या दारिद्र्याच्या कथेतच अधिक रस असतो. अमितकुमार पाहुणे गेले त्याच पर्वातील सायली कांबळे हिचे वडील रुग्णवाहिका चालवितात, हे सबंध महाराष्ट्राला पाठ झाले; ती मध्य सप्तकात कशी गाते हे किती जणांना सांगता येईल? मला ती पुष्कळ वेळा निर्दोष वाटली, आणि म्हणूनच तिच्या गाण्याआधी तिच्या वडिलांचे कष्ट दाखविले जात तेव्हा मला संकोच वाटे, कारण तिला त्या शिफारशीची गरज नव्हती. प्रेक्षक भावनेने निर्णय देतो असे म्हणणाऱ्यांनी, ती भावना संगीताची साथ देऊन, दिवे मंद करून, त्याच्यापुढे कोण वाढून ठेवते याचीही चौकशी करावी. शिवाय प्रसारणापूर्वी ध्वनीवर होणारे संस्कार आहेतच. स्टुडिओत बसलेल्या परीक्षकाने ऐकलेले गाणे आणि देवरीत ऐकू आलेले गाणे ही पुष्कळदा दोन निरनिराळी गाणी असतात, आणि पहिले ऐकणाऱ्याने ते मोकळेपणी सांगितले असते तर दुसरे ऐकणाऱ्याची फसगत झाली नसती.

येथवर खंडन झाले. माझे स्वतःचे म्हणणे त्यामानाने आटोपशीर आहे. प्रेक्षकाला स्पर्धकांविषयी बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो त्याने चार अटींवर वापरावा असे मी म्हणत नाही, एकाच अटीवर वापरावा: नावाबरोबर कारण दिले पाहिजे. विदर्भाचा म्हणून, आमच्या जातीचा म्हणून, बिचाऱ्याचे वडील वारले म्हणून, ही कारणे मी बाद धरतो, कारण स्पर्धकाने तोंड उघडण्यापूर्वीच ती पूर्ण होतात. हिंगणघाटची वैशाली माडे मराठी स्पर्धा जिंकून २००९ साली हिंदी ‘सा रे ग म प’ही जिंकून आली, तेव्हा आमच्याकडे अभिमानाने छाती फुगली ते स्वाभाविकच, पण तिच्या आवाजातला तो खडा, गावरान दाणा, जो पुढे ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’त श्रेया घोषालच्या मुलायम आवाजाशेजारी वेगळा ओळखू आला, त्याविषयी ज्याने दोन वाक्ये बोलून दाखविली त्याचाच अभिमान मी खरा मानला.

यावर व्यवहारी माणसे विचारतील की, लक्षावधी लोकांची कारणे वाचणार कोण? संख्या यंत्र मोजते. कारणे मोजणारे यंत्र नाही. शंका रास्त आहे, परंतु वाहिन्यांच्या तोंडी ती शोभत नाही. स्पर्धांच्या त्या भरभराटीच्या काळात प्रेक्षकाने पाठविलेल्या एकेका संदेशास नेहमीपेक्षा चढा दर आकारला जाई, आणि देवरीतल्या मजुरानेही तो बिनतक्रार भरला. त्या वसुलीतून चार कारकून नेमून, आलेल्या अभिप्रायांपैकी दर आठवड्यास दहा-वीस निवडून, विजेत्याचे नाव पुकारण्यापूर्वी ते परीक्षकांच्या तोंडावर वाचून दाखविणे मुळीच अशक्य नव्हते, आजही नाही. माझ्या शेजाऱ्यांचे ते वाक्य तसे वाचले गेले असते, तर दोघा परीक्षकांपैकी एकाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागले असते, आणि ते ऐकण्यासाठी मी आणखी एक संदेश त्याच चढ्या दराने आनंदाने पाठविला असता.