रिपोर्ट येईपर्यंत



हंगाम जवळ आला की आपल्या बोलण्यात दोनच विषय असतात, तोड कधी आणि भाव किती. या पानावर आम्हीही बहुधा तेच लिहितो. यावेळी मात्र निराळ्या वाट पाहण्याविषयी लिहिणार आहोत. तोड लांबली की उसाचे वजन घटते. गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत माणसाचे घटते.

ही वेळ आमच्याच घरी आली. वहिनींच्या छातीत गाठ हाताला लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितले. आठव्या दिवशी नेमकी तोड आली. टोळी फडात, ट्रॅक्टर बांधावर, आम्ही सगळे पुरुष तिकडे. ‘रिपोर्ट काय पळून जातोय का?’ असे आम्हीच म्हणालो. पाच दिवस तो कागद तिथे पडून राहिला. वहिनी तोंडाने काही बोलल्या नाहीत. पुढे सुनेने सांगितले, त्या रात्री उठून ओसरीवर बसायच्या. कोणत्या लेकीला कोणता दागिना, हेसुद्धा त्यांनी सांगून ठेवले होते. रिपोर्ट आणला तर गाठ साधी निघाली. म्हणजे ज्या भीतीचे कारण आठव्या दिवशीच संपले होते, ती त्यांनी आणखी पाच रात्री भोगली, अन् ती आमच्यामुळे. उलटे निघाले असते तर उपचाराचे पाच दिवस आम्ही फडात घालवले असते.

रिपोर्टला एवढे दिवस का लागतात, हे कळले तरी निम्मा घोर कमी होतो. वरून हिरवागार दिसणारा ऊस उभा चिरल्याशिवाय आतली लाल कूज दिसत नाही. गाठीचेही तसेच. काढलेला तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीचे केसापेक्षाही पातळ काप घेतात, ते रंगवतात, आणि मग तज्ज्ञ डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका राहिली तर आणखी तपासण्या, आणखी दिवस. तेव्हा उशीर झाला म्हणजे वाईटच, असे मुळीच नाही. आणि स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आमच्या मते या दिवसांत घराने चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळणार आणि तो कोण आणणार, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच ठरवावे. तारीख माहीत असली की मन तेवढ्यापुरते तरी टेकते. दुसरी, आजाऱ्यापासून चोरून कुजबुजू नये. आपण गप्प बसलो की तो सर्वांत वाईट तेच धरून चालतो. तिसरी, हातातले काम काढून घेऊ नये. धार काढणे, भाजी निवडणे, बांधावर चक्कर मारणे, जे झेपते ते करू द्यावे. ‘तुम्ही बसा’ म्हणून कोपऱ्यात बसवलेला माणूस भीतीशीच बोलत बसतो. चौथी, ‘अमक्याला असंच झालं, अन् तो गेला’ असे सांगणाऱ्या पाहुण्याला चहा पाजून लवकर वाटेला लावावे.

काळजीने तंबाखूची पुडी दिवसातून जास्त वेळा सुटते. तोंडातल्या चट्ट्याची तपासणी चालू असताना तर ती आगीत तेल आहे. झोप उडाली, जेवण तुटले, नाही नाही ते विचार येऊ लागले, तर सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते. त्यात कमीपणा काही नाही.

काही जण म्हणतात, ‘नकोच ती तपासणी, गाठीला सुई लागली की रोग पसरतो.’ या भीतीने रोग थांबत नाही, उपचार तेवढे लांबतात. आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि इतर संस्थांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या बायकांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच ज्या गावांत झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायकाही आपल्यासारख्याच रानात राबणाऱ्या. त्यांनीही धडधडत्या छातीने निकालाची वाट पाहिलीच असेल. पण वाट पाहिली म्हणून वाट सापडली.

रोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड तयार ठेवावे. पैशाची काळजी रिपोर्टच्या आधीच करत बसू नये.

आता कारखान्याकडे एक मागणे. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणे लागतो. तो मोडा, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या सभासदाच्या घरी रिपोर्ट आणायचा दिवस आहे, त्याला शेजारच्या सभासदाशी एक दिवसाची अदलाबदल करू द्यावी, आणि शेतकी खात्याने चिटबॉयला तसे सांगून ठेवावे. शेजाऱ्यानेही ‘माझी पाळी’ म्हणून अडून बसू नये. आज त्याच्यावर आहे ती वेळ उद्या आपल्या ओसरीवर येऊ शकते. सहकार म्हणजे नुसते शेअर आणि बिल नव्हे.

ऊस एक दिवस थांबेल. रिपोर्ट त्याच दिवशी आणा. आम्ही आणला नाही, म्हणून हे सांगतो आहोत.