हरणाऱ्या संघाचे पाठीराखे

क्रीडाप्रेम आणि साहित्यविचार यांची सोयरीक आपल्याकडे फारशी जुळलेली नाही. मराठी विभागाच्या वर्गात शोकात्मिकेची चर्चा तासन् तास चालते. त्याच वर्गातले विद्यार्थी आणि प्राध्यापक मधल्या सुट्टीत धावफलकाकडे डोळे लावून बसतात, परंतु तेव्हा त्यांच्या मनात जे चालते त्याला कोणी विचाराचा विषय मानत नाही. वस्तुतः सतत हरणाऱ्या संघाची बाजू वर्षानुवर्षे घेत राहणे हा साधा छंद नव्हे. त्यात निष्ठा आहे, अपमान आहे, प्रदेशाचा अभिमान आहे आणि बरीचशी आत्मवंचनाही आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून ओळखीची सामग्री कोणती असणार?

या पाठीराख्याविषयी दोन ठराविक मते आढळतात. तो मूर्ख आहे, हे पहिले मत. तो थोर आहे, कारण जिंकणाऱ्याच्या मागे सगळेच जातात आणि हरणाऱ्याच्या मागे जायला मन मोठे लागते, हे दुसरे. पहिल्या मताचा प्रतिवाद करण्याची गरज नाही. कोणत्याही प्रेमाला ते लागू पडते. आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्या मतावर. ते गोड आहे, आणि म्हणूनच अधिक तपासून घेतले पाहिजे.

जगात या विषयाची चर्चा प्रामुख्याने फुटबॉल क्लबांच्या संदर्भात होते. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा हंगामाच्या आरंभी सट्टेबाजांनी तिला पाच हजारास एक असा भाव दिला होता ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. महाराष्ट्रातला अनुभव मात्र वेगळा आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा संघच बंद करण्यात आला. तिथल्या पाठीराख्यांना हरण्याचीही सोय उरली नाही. आम्हा चांदूर बाजारच्या लोकांना असा क्लब कधी लाभला नाही. आमच्या वाट्याला आला तो विदर्भाचा क्रिकेट संघ.

क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र राज्याचे तीन भाग आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी करंडकात 'विदर्भ' या नावाचा स्वतंत्र संघ उतरू लागला. स्वतंत्र विदर्भाची मागणी सभांतून, ठरावांतून आणि निवडणुकांतून अनेकदा झाली. ते राज्य प्रत्यक्षात नांदले ते केवळ रणजीच्या गुणतक्त्यात, आणि तिथेही बहुतेक वेळा तळाच्या बाजूला. मध्य विभागात रेल्वे, राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश यांच्याशी सामने व्हायचे. पुढे 'एलिट' आणि 'प्लेट' अशी प्रतवारी आली, तेव्हा कितीतरी हंगाम आम्ही प्लेटमध्येच काढले. वृत्तपत्राच्या क्रीडापानावर मुंबईचा सामना वर मथळ्यासह असे, आमचा निकाल तळाशी बारीक अक्षरात.

येथे खेळाची परंपराच नव्हती असे कोणी म्हणू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. त्यांची कीर्ती गाजली ती होळकरांच्या इंदुरात. १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दोन कसोटी सामने खेळलेले हेमंत कानिटकर अमरावतीत जन्मले आणि रणजी खेळले महाराष्ट्राकडून. गुण येथे जन्मायचा आणि फळायचा दुसरीकडे. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोचणारा पहिला खेळाडू म्हणून उमेश यादवचे नाव लागले ते २०११ मध्ये, म्हणजे संघ सुरू झाल्यावर अर्धे शतक उलटून गेल्यावर.

अशा पराभवांतून एक भाषा तयार होते. आमच्याकडे ती आधीपासूनच तयार होती. अनुशेष, अन्याय, पश्चिम महाराष्ट्राची दांडगाई हे शब्द सिंचनाच्या आणि रस्त्यांच्या चर्चेतून अलगद क्रिकेटमध्ये आले. त्यांतले पुष्कळसे खरेही होते. परंतु खऱ्या तक्रारीचीही सवय जडते. संघ हरला की आम्हाला दुःख होई, आणि त्या दुःखाच्या तळाशी 'आम्ही म्हणतच होतो' असे एक समाधानही असे. पराभूताच्या थोरवीचे गोडवे गाणारे या समाधानाची दखल घेत नाहीत. चांदूर बाजार तालुक्यातले माधान हे संत गुलाबराव महाराजांचे गाव. निरपेक्ष भक्ती म्हणजे काय हे ऐकत आम्ही वाढलो, म्हणून एवढे निश्चित सांगू शकतो की पाठीराख्याची भक्ती निरपेक्ष नसते. तिला फळ हवे असते. ते मिळत नाही तेव्हा ती तक्रारीलाच फळ मानू लागते.

मग २०१७-१८ चा हंगाम आला. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. विदर्भ प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आम्ही १८५ वर आटोपलो आणि ११६ धावांनी मागे पडलो. त्यानंतर ३१३ धावा झाल्या, आणि १९८ चे लक्ष्य गाठू पाहणाऱ्या कर्नाटकाला रजनीश गुरबानीने सात बळी घेऊन रोखले. विजय पाच धावांनी. अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीशी झाला. गुरबानीची हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरच्या १३३ धावा आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून विजय! ज्या इंदुराने नागपूरच्या नायडूंना मोठे केले, त्याच इंदुरात विदर्भाचे नाव करंडकावर कोरले गेले. साठ वर्षांची सवय त्या दिवशी एकाएकी निरुपयोगी ठरली. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो करंडक राखला गेला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. प्रशिक्षक मुंबईचे, सर्वांत मोठा फलंदाज वसीम जाफर मुंबईचा. मग हे यश विदर्भाचे कसे? पुढचा इतिहास तर या प्रश्नाला अधिकच टोकदार करतो. ईडन गार्डन्सवर कर्नाटकाकडून १५३ धावा काढून आमच्या तोंडचे पाणी पळवणारा करुण नायर पुढे विदर्भाकडून खेळला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून १४५ धावा करणारा ध्रुव शोरीही विदर्भात आला. आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात नागपुरात विदर्भासमोर केरळ उभे राहिले, तेव्हा केरळच्या संघात होता आमचाच आदित्य सरवटे. त्याने ७९ धावा केल्या. नायरने दुसऱ्या डावात १३५ धावा करून विदर्भाची बाजू भक्कम केली.

मग आमची निष्ठा नेमकी कशावर? माणसांवर म्हणावे तर ती बदलतात, मातीवर म्हणावे तर मुंबईचा जाफर आमचा का वाटावा? आमच्या मते पाठीराखा एका नावाला बांधलेला असतो, आणि त्या नावाचा अर्थ प्रत्येक हंगामात नव्याने ठरतो. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगायला नको. बाहेरून आलेला शब्द दोन पिढ्या वापरात राहिला की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. तो वाक्यात कामाला येतो की नाही एवढेच पाहिले जाते. जाफर आमच्या वाक्यात कामाला आला. सरवटे दुसऱ्याच्या वाक्यात गेला म्हणून त्याचे अकरा बळी परके होत नाहीत.

विजयाने पराभवही बदलतो, हे आम्हाला मार्च २०२४ मध्ये कळले. वानखेडेवर मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १०५ वर सर्वबाद झाल्यावर पुढे ५३८ चे अशक्य लक्ष्य होते. वाडकरने शतक केले, हर्ष दुबेने ६५ धावा काढल्या, सामना पाचव्या दिवसापर्यंत गेला आणि आम्ही १६९ धावांनी हरलो. त्या दिवशी 'अन्याय' हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. पहिल्या डावातली फलंदाजी वाईट होती, असे लोक सरळ म्हणाले. पराभवाची समीक्षा करता येणे ही तक्रारीच्या पलीकडची पायरी आहे, आणि ती चढायला आम्हाला विजयाची गरज पडली, हे थोरवीच्या सिद्धान्ताला छेद देणारे आहे. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत मुंबईला हरवून विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला.

त्या २०२५ च्या सामन्यात केरळ प्रथमच अंतिम फेरी खेळत होते. केरळ या नावाचा संघही १९५७-५८ पासूनचाच. म्हणजे त्यांचा आणि आमचा प्रवास एकाच हंगामात सुरू झालेला. कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि सामन्याचे पारडे फिरले. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. ज्याने साठ वर्षे हरणे पाहिले, त्याला त्या ९८ चा अर्थ कळायला हवा होता. आमच्यातल्या किती जणांना तो कळला? दुःखाने माणूस आपोआप शहाणा होतो हा समज साहित्यात फार बोकाळला आहे. मैदानावर तो टिकत नाही. जिंकणारा आपला जुना चेहरा किती लवकर विसरतो ते आम्ही जवळून पाहिले.

विसरू नये अशी आणखी एक बाब आहे. 'मुंबई-पुणे विदर्भाला लेखत नाहीत' असे आम्ही म्हणत होतो, तेव्हा विदर्भाच्या आतली नागपूर आणि वऱ्हाड यांची विषमता त्या वाक्याखाली झाकली जात होती. अमरावतीत जन्मलेला जितेश शर्मा, अकोल्याचे अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे यांनी वऱ्हाडातूनही वाट निघते हे दाखवले. तरी चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागांमधून निघालेल्या मुलाला आधी अमरावती आणि मग नागपूर गाठावे लागते. राहणे, खाणे, शाळा बुडणे हा हिशेब त्याच्या घरच्यांनाच करावा लागतो. हरणाऱ्या संघाचा उदात्त पाठीराखा होणे ही प्रेक्षकाची चैन आहे. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूचे त्यात वय निघून जाते, निवड हुकते, नोकरी हुकते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, पाठीराख्याच्या निष्ठेचे मोल त्याने किती पराभव सोसले यावर ठरवू नये. त्याने आपल्या संघाकडे, संघटनेकडे काय मागितले यावर ते ठरावे. तीन करंडकांनंतर विदर्भाच्या पाठीराख्याने तालुक्याच्या गावी एक बरी खेळपट्टी आणि एक जाणता प्रशिक्षक मागितला, तर ती जुन्या तक्रारीची पुनरावृत्ती होणार नाही. ती मागणी या वेळी मुंबईकडे नाही, नागपूरकडे आहे. आणि म्हणूनच ती करणे अधिक अवघड आहे.