'पुरातन काळापासून' म्हणजे केव्हापासून?



गेल्या रविवारच्या अंकातील तैवानवरचा लेख वाचला. तैवान 'पुरातन काळापासून' चीनचेच, असे लेखकाने पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे. माझी हरकत या दोन शब्दांना आहे.

नेताजींच्या विमान अपघाताच्या हकिगतीत 'तैहोकू' हे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते तैहोकू म्हणजे आजचे तैपेई. ऑगस्ट १९४५ मध्ये तिथे जपानचे राज्य होते आणि गावाचे नावही जपानी वळणाचे. ते तसे का होते? १८९५ साली युद्ध हरलेल्या चीनच्या चिंग दरबाराने शिमोनोसेकीच्या तहात हे बेट जपानला देऊन टाकले होते. बेटावरच्यांना कोणी विचारले नव्हते.

आणखी मागे गेलो तर पंचाईत वाढते. १६२४ मध्ये डच कंपनीने आजच्या ताइनानपाशी ठाणे वसवले, तेव्हा बेटावर प्रामुख्याने आदिवासी होते. त्यांच्या भाषांचे गोत फिलिपिन्सपासून मादागास्करपर्यंत पसरलेले. ऊस-भातासाठी चिनी शेतकऱ्यांना मोठ्या संख्येने बोलावून घेतले ते डचांनीच. १६६२ मध्ये मिंग घराण्याशी निष्ठावान असलेल्या कोक्सिंगा या सेनानीने डचांना हाकलले. चिंगांनी बेट घेतले १६८३ मध्ये, आणि त्याला स्वतंत्र प्रांताचा दर्जा दिला तो थेट १८८५ मध्ये, म्हणजे गमावण्याच्या जेमतेम दहा वर्षे आधी. १८९५ नंतर आजतागायत चीनची मुख्यभूमी आणि हे बेट एका सरकारखाली राहिले ते फक्त १९४५ ते १९४९. त्या चार वर्षांतच २८ फेब्रुवारी १९४७ च्या उठावाची ठिणगी पडली. चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका बाईला सरकारी माणसांनी मारहाण केली, लोक उसळले, आणि मुख्यभूमीवरून आलेल्या फौजेने हजारो माणसे मारली. १९४९ मध्ये लागू झालेला लष्करी कायदा उठला १९८७ मध्ये. शाळेत घरची भाषा बोलली तरी मुलांना शिक्षा होई.

'तैवानचा चीनशी संबंधच काय' हा उलटा सूरही मला मान्य नाही. तिथल्या बहुसंख्यांचे पूर्वज फूच्येन आणि ग्वांगतुंगमधून आलेले; माझू ही समुद्रदेवी त्यांच्याबरोबरच आली. पण कुलदैवत एक म्हणून सातबारा एक होत नाही. खुद्द माओंनी १९३६ मध्ये एडगर स्नो या पत्रकाराशी बोलताना, कोरियाप्रमाणे फॉर्मोसाच्याही (तैवानचे तेव्हाचे प्रचलित नाव) स्वातंत्र्यलढ्याला साहाय्य करू, असे सांगितले होते. लेखात माओ आहेत, हे मात्र नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या ठरावाने निकाल लागला, हा लेखकाचा हुकमी पत्ता. चीनच्या खुर्चीवर कोणी बसायचे, एवढेच तो ठराव ठरवतो. त्यात 'तैवान' हा शब्दही नाही. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने बेटावरचा हक्क सोडला, पण तो कोणाकडे जावा हे लिहिलेच गेले नाही.

तैपेईचे चेंगची विद्यापीठ १९९२ पासून लोकांना विचारत आले आहे, 'तुम्ही स्वतःला कोण समजता?' तेव्हा 'फक्त तैवानी' म्हणणारे सहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. आता ते साठ टक्क्यांहून अधिक आहेत. यातल्या अनेकांना स्वातंत्र्याची घोषणाही नको आहे, आहे तसे चालू द्या म्हणतात. अर्धे पान व्यापणाऱ्या लेखात बीजिंग आहे, वॉशिंग्टन आहे, नवी दिल्लीसुद्धा आहे. त्या सव्वादोन कोटींहून अधिक माणसांसाठी पुढच्या लेखात थोडी जागा ठेवावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली