वायरीची कसली लाज?

एक विनंती आहे मंडळी. माळ्यावरचा बाबांच्या काळातला स्टीरिओ भंगारवाल्याला द्यायचं घरात ठरलं असेल, तर जरा थांबा. आणि त्याच्या जागी तो गोंडस, डब्याच्या आकाराचा ब्लूटूथ स्पीकर कार्टमध्ये टाकून ठेवला असेल, तर अजूनच थांबा.

हे भांडण मी ऑफिसच्या कँटीनमध्ये महिन्यातून एकदा तरी भांडतो, आणि दर वेळी समोरचा मला 'जुन्या जमान्यातला' ठरवून मोकळा होतो. ठीक आहे. पण वाद जमान्याचा नाहीच मुळी, वाद भूमितीचा आहे!

स्टीरिओ म्हणजे नक्की काय? अ‍ॅलन ब्लमलाइन नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने १९३१ साली त्याचं पेटंट दाखल केलं. कल्पना साधी. आपल्याला दोन कान आहेत. डाव्या-उजव्या कानात पोचणाऱ्या आवाजाच्या तीव्रतेत आणि वेळेत किंचित फरक असतो (हा वेळेचा फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी!), आणि त्यावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. त्यासाठी दोन स्पीकर्स हवेत, आणि ते एकमेकांपासून लांब हवेत. तुम्ही आणि दोन स्पीकर्स मिळून साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे. एका वीतभर डब्यात दोन स्पीकर्स कोंबून हा त्रिकोण होत नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. तसले दोन डबे घेऊन जोडी लावता येते म्हणा. म्हणजे पैसे दोनदा द्यायचे, आणि माळ्यावरची जोडी भंगारात!

आता प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. साठच्या दशकातली बहुतेक हिंदी-मराठी गाणी मोनोच आहेत. फक्त तीच ऐकत असाल, तर दोन स्पीकर्सचा हट्ट नको. पण मोनो गाण्यालासुद्धा मोठ्या लाकडी खोक्यातला मोठा कोन लागतोच. खर्जासाठी भरपूर हवा हलवावी लागते, आणि तीन इंची कोन किती हवा हलवणार? सॉफ्टवेअरने बास फुगवता येतो, हवा फुगवता येत नाही.

"पण वॉट किती आहेत बघ ना!" हा पुढचा युक्तिवाद. आठवतं का, एके काळी खोक्यांवर 'पीएमपीओ'चे हजारो वॉट छापलेले असायचे? त्या आकड्याला ठरलेली व्याख्याच नव्हती. तेच यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचली, तर ते लाइनमधून ५० वॉटसुद्धा घेत नसायचं. घेतं त्याच्यापेक्षा जास्त सतत देणारं यंत्र अजून जन्माला यायचंय. आणि खरं सांगायचं तर घरच्या खोलीत नेहमीच्या आवाजात एक-दोन वॉटच्या वर फारसं काही लागतच नाही.

मग करायचं काय? काही नाही हो, एक वायर आणायची. एका टोकाला साडेतीन मिमीची पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी आरसीए. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. घासाघीस करायची असेल तर करा. सोन्याचा मुलामा आणि 'ऑक्सिजन-फ्री' तांबं यांच्या गोष्टी सांगून दुकानदार हजाराची वायर दाखवेल, ती नमस्कार करून परत द्या. दीड मीटरमध्ये काडीचा फरक पडत नाही.

छोटी पिन कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमध्ये किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात. लाल म्हणजे उजवा, पांढरा म्हणजे डावा. अँप्लिफायरच्या मागे 'ऑक्स', 'टेप-इन', 'सीडी', 'ट्यूनर' यांपैकी कुठेही लावा. फक्त 'फोनो'त नको. ते भोक रेकॉर्ड प्लेयरच्या दुबळ्या सिग्नलसाठी असतं. ते सिग्नल प्रचंड वाढवतं, शिवाय बासही चढवतं, त्यामुळे तिथे नुसता घों-घों ऐकू येईल. आणि स्पीकरच्या उघड्या वायरी थेट कॉम्प्युटरला जोडू नका. मध्ये अँप्लिफायर हवाच, नाहीतर नुसती कुजबुज. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम वर ठेवा आणि आवाज अँप्लिफायरच्या बटणाने कमी-जास्त करा, म्हणजे खरखर कमी ऐकू येते. लॅपटॉपला ते भोकच नसेल, तर यूएसबीचा छोटा डॅक मिळतो. झालं!

आता ज्या गोष्टीवर मला खरंच राग येतो, ती. जोडणी केल्यावर कधीकधी ५० हर्ट्झची एक गुणगुण ऐकू येते. कॉम्प्युटर थ्री-पिनमधून अर्थ झालेला असतो, अँप्लिफायर टीव्हीच्या केबलमार्फत दुसरीकडे अर्थ झालेला असतो, आणि दोघांच्या मधल्या वायरीतून नको तो करंट फिरतो. यावर शहाणे मित्र (आणि काही इलेक्ट्रिशियनसुद्धा!) हमखास सल्ला देतात, "अर्थची पिन काढून टाक रे." गुणगुण जाते, हे खरं. पण कॉम्प्युटरचं पत्र्याचं कॅबिनेट आता अधांतरी राहिलं. हात लागला की झिणझिण्या येतात, त्या यामुळेच. उद्या आत फॉल्ट झाला, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर, आणि तुमच्या नव्या वायरीतून थेट अँप्लिफायरच्या अंगावर! घरात लहान मूल असेल तर ते बटणं फिरवायला जाणारच. गाण्यासाठी एवढी किंमत?

त्यापेक्षा दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. टीव्हीची केबल काढून बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, गुन्हेगार लगेच सापडतो. तरीही गेली नाही, तर वायरीच्या मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. पण अर्थच्या पिनेला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

ब्लूटूथवाल्यांशी माझं वैर नाही. लोणावळ्याला जाताना मीही तोच डबा बॅगेत टाकतो. पण त्याची बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते, आणि बरेचसे डबे असे चिकटवलेले असतात की उघडायची सोयच नाही. माळ्यावरच्या स्पीकरच्या कोनाची कड कुजली असेल तर ती बदलून मिळते. 'स्मार्ट' म्हणवणाऱ्या डब्यांचं तर विचारूच नका. कंपनीने सर्व्हर बंद केला की ते किती स्मार्ट राहतात ते बघा. लाल-पांढऱ्या वायरीला सर्व्हर लागत नाही.

आणि शेवटचं. हेडफोन्स कितीही भारी असले, तरी ते एकट्याचे. घरात चार माणसं चार कोपऱ्यांत कानात बोळे घालून बसलेली असतात आणि आपण त्याला प्रायव्हसी म्हणतो. स्पीकरवर लागलेलं गाणं स्वयंपाकघरापर्यंत जातं, आणि तिथून "जरा मोठं कर रे" असं ऐकू येतं. शे-दोनशे रुपयांत आणखी काय हवंय?

भंगारवाला वजनावर घेईल. निर्णय तुमचा.