वेगाची हाव आणि रांगेची शिस्त

संध्याकाळच्या वेळी घराघरांतून एक तक्रार हल्ली नित्याची झाली आहे. थोरला मुलगा परगावच्या मित्रांबरोबर संगणकावर खेळत असतो. धाकट्याने शेजारच्या खोलीत एखादा नवा खेळ डाउनलोडला लावलेला असतो. थोड्याच वेळात थोरल्याचा पडद्यावरील योद्धा अडखळू लागतो, झाडलेली गोळी अर्ध्या सेकंदाने सुटते आणि भावंडांत जुंपते. वडिलांचा निवाडा ठरलेला असतो : जोडणी मंद आहे, अधिक वेगाची घ्यावी. पैसे मोजले जातात, चार दिवस बरे जातात आणि तक्रार पुन्हा उभी राहते. निदानच चुकले असेल, तर औषधाचा गुण यावा कसा?

वस्तुतः येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. जाहिरातीत सांगितला जाणारा मेगाबिटचा आकडा वहनक्षमतेचा असतो. एका सेकंदात किती माल जाऊ शकेल, एवढेच तो सांगतो. धाडलेला निरोप पोहोचून त्याचे उत्तर यायला लागणारा वेळ, म्हणजे विलंब, हा निराळा हिशेब आहे. डाउनलोडला वहनक्षमता हवी असते, खेळाला अल्प विलंब. खेळाची पॅकेटे चिमुकली असतात. सर्वसाधारण खेळाला सेकंदाला एक मेगाबिटही लागत नाही. मात्र ती वेळेवर पोहोचावी लागतात.

टपाल कचेरीच्या खिडकीपाशी एक कारकून दोनशे पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभा आहे आणि त्याच्यामागे एकच तिकीट हवे असलेला माणूस ताटकळत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ‘प्रथम येईल त्याला प्रथम’ हा नियम दिसायला न्याय्य. पण त्याचा सारा भार अल्प गरजेच्या माणसावर पडतो. एकाच्या उपभोगाची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा अर्थशास्त्राला परिचित असलेला प्रकार होय. गर्दीच्या रस्त्यांच्या उदाहरणाने पिगू यांनी त्याची चर्चा १९२० सालीच केली होती.

इंटरनेटवरील या गर्दीचा इतिहासही बोधप्रद आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांमधील जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरात वहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर कोसळला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय थोडक्यात असा : पाठवणाऱ्याने वेग बेताने वाढवावा आणि एखादे पॅकेट गहाळ झाले की तो इशारा मानून हात आखडता घ्यावा. पुढे स्मृतिसाठा स्वस्त झाला. काहीच गहाळ होऊ नये, या सद्हेतूने उपकरणांतील साठवणीच्या जागा फुगवण्यात आल्या. परिणामी इशारा उशिरा मिळू लागला आणि रांगा लांबल्या. सेकंदाला २० मेगाबिट वाहणाऱ्या वाटेवर १ मेगाबाइटची रांग साचली, तर शेवटच्या पॅकेटला ०.४ सेकंद तिष्ठावे लागते. जिम गेटिस यांनी २०१० साली आपल्या घरच्याच जोडणीवर हा दोष ओळखला. त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव पडले.

उपाय ज्ञात आहे. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांगेची लांबी नव्हे, तर रांगेतील प्रतीक्षा मोजून ती आटोक्यात ठेवणारी पद्धत मांडली. तिला प्रत्येक प्रवाहाची स्वतंत्र रांग लावण्याची जोड मिळाली. त्यामुळे गठ्ठेवाल्याच्या मागे तिकीटवाला अडकत नाही. यात गठ्ठेवाल्याचे नुकसान किती? १०० मेगाबिटच्या जोडणीवर ५० गिगाबाइटच्या डाउनलोडला सुमारे ६७ मिनिटे लागतात. खेळाला एक मेगाबिट आधी दिला, तर हे काम अदमासे ४० सेकंदांनी लांबते. इतक्या अल्प त्यागात इतका लाभ देणारी व्यवस्था अर्थव्यवहारात क्वचितच आढळते.

स्टीमसारख्या व्यासपीठावर खेळ चालू असताना डाउनलोड थांबवण्याची आणि त्याला वेगमर्यादा घालण्याची सोय आहे. परंतु शेजारच्या खोलीतील दुसऱ्या यंत्राची तिला दाद नसते. साऱ्या घराची वाहतूक ज्यातून जाते, त्या राउटरनेच ही शिस्त राखली पाहिजे. त्याची वेगमर्यादा जोडणीच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवली, की रांग त्याच्याच ताब्यात राहते.

पोरांच्या खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. पण विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा, डॉक्टरांशी चाललेली बातचीत, शिक्षकाचा ऑनलाइन वर्ग यांची पॅकेटेही तशीच लहान आणि उतावीळ असतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अग्रक्रम हितकर असेल, तर कंपन्यांनी तो विकावा की! येथे सावध राहिले पाहिजे. प्रवाहांना समान न्याय देणे वेगळे आणि पैसेवाल्याला पुढे घुसू देणे वेगळे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये आशयानुसार भेदभाव करणाऱ्या दरांना मनाई केली आणि २०१८ मध्ये शासनाने समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले. घरात अग्रक्रम कोणाला, हे घराने ठरवावे, कंपनीने नव्हे.

या शिस्तीलाही मर्यादा आहेत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून जवळपास ३,९०० किलोमीटरवरील सिंगापूरला जाऊन परतायला त्याला सुमारे ४० मिलिसेकंद लागणारच. अंतर कोणाला आटवता येत नाही. रांग मात्र आटवता येते.

म्हणूनच ग्राहकाने मेगाबिटच्या आकड्यावर भाळून न जाता एक प्रश्न विचारला पाहिजे : घरातील जोडणी पूर्ण भाराने चालू असताना विलंब किती? कंपन्यांनी हा आकडा दरपत्रकात छापावा आणि रांगेची शिस्त राखणारेच राउटर ग्राहकाच्या घरी बसवावेत, असा दंडक नियामकाने घातला पाहिजे. तोपर्यंत अधिक वेगासाठी मोजलेले पैसे पुष्कळदा रांगेतच खर्ची पडत राहतील.